बांगडी वाढली

"त्या पोरीले दोन भाषा येतेत, रहीमभाई. दोन्हीत चूप राह्यते."

मी प्रयोगशाळेच्या दाराआड उभी होते. जर्नलवर सही घ्यायची होती. आत उमाळे सर आणि प्रयोगशाळेचे शिपाई रहीमभाई तराजूंच्या काचा पुसत होते.

"लडकी जात है साहब. शरमाती होगी."

"शरम कायची? इंग्रजीत चूप राह्यली त समजते. आपल्या बोलीतबी चूप? म्हंजे विहिरीले पानी आहे आनि दोर नाई."

मी जर्नल तसंच घेऊन परत फिरले. सही दुसऱ्या दिवशी घेतली, तीही न बोलता.

सरांचं म्हणणं खोटं नव्हतं. माझी शाळा नागपूरची, मिशनच्या बोर्डिंगची. तिथं इंग्रजीखेरीज दुसरं बोलायचं नाही. वडील वकिलीसाठी अमरावतीत आलेले, मूळ गाव तिवसा. तिवशाला आजोबांपाशी गेलं की सगळं मले-तुले चाले, आणि घरी परत आलं की आई टोके, "मला म्हण. मले काय, मले?" इंग्रजीत व्याकरण चुकेल, मराठीत गाव उघडं पडेल, म्हणून गप्प बसणं सोयीचं होतं. कॉलेजात आल्यावर ती सोय मी सोडली नाही. सायन्सच्या वर्गात आम्ही तिघीच मुली होतो. गप्प बसलेल्या मुलीला कुणी काही विचारत नसे. उमाळे सर मात्र विचारत.

मारोतराव उमाळे आमच्या अमरावतीच्या कॉलेजात फिजिक्सचे डेमॉन्स्ट्रेटर होते. प्राध्यापकांनी व्याख्यान द्यायचं आणि डेमॉन्स्ट्रेटरनं टेबलावर प्रयोग मांडून द्यायचा, अशी कामाची वाटणी होती. धोतर, काळा आखूड कोट, काळी टोपी. कोटाचे खिसे सदा फुगलेले. अकोल्याच्या जुन्या शहरापलीकडे, मोर्णेच्या काठी, त्यांच्या घरचा भाजीचा मळा होता. दर शनिवारी संध्याकाळी ते बडनेऱ्याला गाडी बदलून अकोल्याला जात आणि सोमवारी सकाळी खांद्यावर पिशवी घेऊन परत येत. पिशवीत होस्टेलच्या भटारखान्यासाठी वांगी असत. त्यावरून मुलांनी त्यांचं नाव 'वांगे सर' ठेवलं होतं. त्यांना ते माहीत होतं. एकदा फळ्यावर कुणीतरी मोठं वांगं काढून ठेवलं, तर सरांनी ते पुसलं नाही. बारकाईनं पाहिलं आणि खडूनं देठाला काटे काढले. "काटे नसले त वांगं शिळं समजा," म्हणाले, आणि त्याच वांग्याचं आकारमान कसं काढायचं ते शिकवलं.

शनिवारी प्रॅक्टिकल लवकर आटपलं की अर्धा तास उरे. तो अर्धा तास सरांचा. तेव्हा अभ्यासक्रम बाजूला राही आणि सर विश्वावर बोलत. कॉलेजच्या वाचनालयात त्या विषयाची दोन-तीन इंग्रजी पुस्तकं होती. त्यांच्या मागच्या कार्डावर वर्षभर एकच सही खालोखाल दिसे. सर वाचत हळू, एकेका वाक्यावर बोट ठेवून. पण वाचलेलं त्यांच्या तोंडून बाहेर पडे तेव्हा त्याला माती लागलेली असे.

"विश्वाबद्दल तीनच गोष्टी इचारा लागतेत," ते म्हणत. "भाजीवाल्याले जे इचारता, तेच. कायची आहे? दाट आहे का विरळ? आनि आकार कसा?"

घनता हा पुस्तकी शब्द त्यांना पसंत नव्हता. "घनता म्हटलं त डोयापुढं काहीच येत नाई. दाटी म्हना. दाटी म्हटलं का शुक्रवारचा बाजार येते."

आणि प्रत्येक मुद्द्यानंतर एक प्रश्न: "समजलं काय?" तो प्रश्न सगळ्या वर्गाला असे, पण नजर जो बोलत नाही त्याच्याकडे. म्हणजे बहुतेक वेळा माझ्याकडे. मी मान हलवत असे. ते म्हणत, "मान त बैलबी हालवते, बाई," आणि पुढं जात.

विश्व कशाचं, हे त्यांनी मेथीच्या जुडीवर शिकवलं. एका सोमवारी हिरवीगार जुडी तराजूत टाकून आम्हाला वजन लिहून घ्यायला लावलं, मग ती खिडकीच्या गजाला उलटी टांगली. रोज वजन करायचं. मुलांना गंमत वाटे. "आज भाजी काय म्हणते, सर?" असं विचारत. शनिवारपर्यंत जुडीचा पाचोळा झाला. सरांनी तो तळहातावर चुरला.

"पाहा. हिरवी होती तवा वाटलं, मेथी म्हंजे पानं. वजन केलं तवा समजलं, मेथी म्हंजे पानी. विश्वाचंबी तसंच. डोयाले दिसते लोखंड, दगड, सोनं, मानूस. पन माल सारा हायड्रोजन. साऱ्यात हलका, आनि साऱ्यात जास्त. आपन, हे टेबल, चिखलदऱ्याचे डोंगर, सारे या चुऱ्यात." त्यांनी चुरा फुंकून टाकला. "समजलं काय?"

मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "मग सोन्याला भाव कशाला, सर?"

"कमी आहे म्हनून! मेथीच्या काडीएवढं कमी असतं त मेथीच्या काडीलेबी भाव आला असता. बैस."

दाटीचा धडा व्हरांड्यात झाला. सरांनी कोटाच्या खिशातून मूठभर धने काढले आणि फरशीवर फेकले. भाजीवाले वाफ्यात बी फेकतात तसे, मनगट वळवून, एका झोकात. मग आम्हा मुलींकडे वळून म्हणाले, "कोनाची तरी एक बांगडी द्या."

माझ्या हातात काचेच्या हिरव्या बांगड्या होत्या, जरा सैलच. मी एक काढून दिली. सरांनी डोळे मिटून ती फरशीवर घरंगळत टाकली. जिथं पडली तिथले आतले धने मोजायला लावले. अकरा. पुन्हा टाकली. दहा. पुन्हा. बारा.

"वाफा एकसारखा पेरला का नाई, हे आमच्याकडे असं पाह्यतेत. आभाळ पाह्यनारे लोकबी दुसरं काही करत नाईत. दुर्बिणीतून आभाळात बांगडी टाकतेत, आतले तारकांचे पुंज मोजतेत. इकडं टाका, तिकडं टाका, हिशेब साधारन सारखाच. म्हंजे पेरनी एकसारखी. पन विरळ किती? पुऱ्या वऱ्हाडात धन्याचा एक दाना टाका. त्याहूनबी विरळ."

पाचव्यांदा टाकताना बांगडी खांबाच्या दगडावर आपटली. तीन तुकडे झाले.

"फुटली, सर!" कुणीतरी ओरडलं.

"फुटली म्हनू नाई," सर घाईनं म्हणाले. "वाढली म्हना."

हे सगळ्यांनाच माहीत होतं. काचेची बांगडी फुटली असं आपल्याकडे घरात कुणी बोलत नाही, वाढली म्हणायचं. सरही सवयीनंच म्हणाले होते. पण ते म्हणाले आणि थांबले. तुकडे तळहातावर घेऊन तसेच उकिडवे बसून राहिले. रहीमभाई झाडू घेऊन आले, त्यांनाही हातानं थांबवलं.

"थांबा. पुस्तकात लिहिलं आहे, विश्व पसरून राह्यलं. सारे पुंज एकमेकापासून दूर चालले. मले चार महिने झाले, हे सांगाले शब्द भेटून नाई राह्यला. लोकाले वाटते कुठंतरी बाम फुटला आनि तुकडे उडाले. फुटलं नाई! फुटलं त मधात एक जागा असते, जिथून फुटलं. काठ असते, जिथवर तुकडे गेले. याले मधातबी कोनी नाई आनि काठालेबी कोनी नाई. सारी फरशीच वाढून राह्यली, धने आपल्या जागी बसून आहेत." ते उठून उभे राहिले. "आपल्या आयाबाया शंभर पिढ्या झाल्या सांगून राह्यल्या. फुटलं म्हनू नाई. वाढलं म्हना. समजलं काय?"

एक मुलगा म्हणाला, "ताटात वाढतात तसं, सर?" वर्ग हसला. सरही हसले. पण नजर माझ्याकडे होती. मला समजलं होतं. लख्ख समजलं होतं. मी मान हलवली.

त्यानंतरच्या सोमवारी माझ्या जर्नलवर वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली एक हिरवी बांगडी होती. रहीमभाई म्हणाले, "साहब अकोला से लाये. बोले, इसका माप देखने को कहना."

माप बरोबर होतं.

आकाराचा धडा सगळ्यात अवघड, म्हणून सरांनी तो संत्र्याच्या मोसमापर्यंत लांबवला. त्या शनिवारी टेबलावर तीनच वस्तू होत्या: संत्र्याची अर्धी साल, विड्याचं पान, आणि पानकोबीचं बाहेरचं मोठं पान. एकेकाला पुढं बोलावून ते म्हणत, "दाब." साल दाबली की काठाला तडकते. विड्याचं पान निमूट सपाट बसतं. पानकोबीचं पान दाबावं तर कडेला चुण्या पडतात, एकीकडे बसवलं की दुसरीकडे उठतं.

"साल कावून फाटली? काठाले माल कमी पडला. कोबी कावून चुरगळली? काठाले माल जास्त झाला. पानाले ना कमी, ना जास्त. आता, आपन विश्वाच्या भायेर जाऊन त्याचा आकार पाहू शकत नाई. मुंगीले संत्र गोल आहे हे कसं समजन? मुंगीनं आतल्या आत मोजावं, काठाले माल किती भरते ते. आनि हे ठरवते कोन? दाटी. दाटी जास्त असन त विश्व संत्र. नेमकी असन त विड्याचं पान. विरळ असन त पानकोबी."

"मग आपलं कोणतं, सर?"

"मोजून राह्यले लोक. अजून कोनालेच मालूम नाई." हे ते अशा आनंदानं म्हणाले, की जणू एखादं मोठं गुपित आमच्या स्वाधीन करत होते.

मागच्या दिवाळीत मी जबलपूरहून सुटीवर घरी आले, तेव्हा माझी आतेबहीण सुमन अकोल्याहून आली होती. फराळानंतर तिनं संत्र्याची अर्धी साल पाटावर ठेवली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "दाब, ताई. पाह्य, काठाले माल कमी पडते." आई म्हणाली, "पडतो म्हण." मी बराच वेळ ती फाटकी साल हातात धरून बसले. सुमन उमाळे सरांच्या शाळेत शिकते. सर कॉलेजातून शाळेत कसे गेले, ते आता सांगायला हवं.

आमच्या दुसऱ्या वर्षी फिजिक्सच्या लेक्चररची एक जागा रिकामी झाली. सरांनी अर्ज केला. आठ वर्षं ते प्रयोग मांडून देत होते. आता शिकवायला मिळालं तर शनिवारचा अर्धा तास सोमवार ते शनिवार पसरणार होता. निवडीची रीत अशी होती की उमेदवारानं खऱ्या वर्गासमोर, नागपूरहून आलेल्या पाहुण्यांच्या देखत, एक व्याख्यान द्यायचं. इंग्रजीत. सरांनी विषय निवडला: विश्वाची घनता, घटक आणि आकार.

आदल्या दिवशी कॉलेजातल्या एका वडीलधाऱ्या माणसानं त्यांना जवळ बोलावून, भल्यासाठीच, सांगितलं, "मारोतराव, उद्या टेबलावर बाजार नको."

म्हणून त्या दिवशी सरांच्या कोटाचे खिसे सपाट होते. टेबल पुसलेलं. भिंतीवर 'सी. पी. अँड बेरार' प्रांताचा नकाशा, त्याखाली खुर्च्यांवर दोन पाहुणे. सर फळ्यापाशी उभे राहिले. हात कुठं ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं, कारण हातात काही नव्हतं.

सुरुवात बरी झाली. मग ते विरळपणावर आले. विरळ पेरणीला आम्ही पातळ पेरणी म्हणतो. सर इंग्रजीत म्हणाले, विश्व फार 'थिन' आहे. एक पाहुणे हसू दाबत म्हणाले, "आजारी आहे की काय?" वर्गातल्या मुलांना हसायला परवानगी मिळाली. सरांना घाम आला. आणि मग ते त्या वाक्यापाशी आले, ज्याची मी वाट पाहत होते. इंग्रजीत, एकेक शब्द वेचत, ते म्हणाले, विश्व फुटलेलं नाही असं समजा. ते वाढलेलं आहे, बांगडीसारखं.

"बांगडीसारखं?" पाहुण्यांनी भुवया उंचावल्या. "बांगडी वाढते, मिस्टर उमाळे?"

आता सगळा वर्ग हसत होता, ज्यांनी व्हरांड्यात धने मोजले होते तेही. सर काहीतरी सांगू लागले, पण इंग्रजी त्यांच्या हातून सुटलं होतं. पाहुणे वर्गाकडे वळले आणि विचारलं, तुमच्यापैकी कुणाला यातलं काही समजलं का?

सरांनीही त्याच वेळी, बहुधा नकळत, हळूच म्हटलं, "समजलं काय?"

ते माझ्याकडे पाहत होते. मी पहिल्या बाकावर होते. सरांनी अकोल्याहून आणलेली बांगडी माझ्या हातात होती. एकच वाक्य पुरेसं होतं: आमच्या भाषेत काचेची बांगडी कधी फुटत नाही, ती वाढते, आणि सरांचं म्हणणं हे की विश्व एका जागेवरून फुटून उडालेलं नाही, सगळीकडून वाढतं आहे. हे वाक्य माझ्या मनात इंग्रजीत तयार झालं. त्या सबंध खोलीत त्या क्षणी ते दुसऱ्या कुणालाही तयार करता आलं नसतं. मी त्याचं व्याकरण तपासलं. क्रियापदाचा काळ एकदा बदलला. तेवढ्यात पाहुण्यांनी वही मिटली.

मी मानही हलवली नाही.

संध्याकाळी छत्री राहिली म्हणून परत गेले तेव्हा प्रयोगशाळेत दोघंच होते. पुन्हा मी दाराआड. रहीमभाई म्हणत होते, "साहब, आपने तो अच्छाही बोला होगा. मेरे को इंग्रेजी नहीं आती."

"माल चांगला होता, रहीमभाई," सर म्हणाले. "बोली चुकली."

लिलावातल्या बोलीबद्दल बोलत होते की तोंडातल्या, ते त्यांनी सांगितलं नाही. जागा दुसऱ्याला मिळाली. सत्र संपताच उमाळे सर अकोल्याच्या एका शाळेत मास्तर म्हणून निघून गेले. जाताना खिडकीच्या गजावरचा मेथीचा दोरा तेवढा सोडून घेतला.

मी बी. एस्सी. झाले. जबलपूरला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला जायचं ठरलं. त्याआधी आत्याला भेटायला अकोल्याला गेले. सुमनची शाळा आत्याच्या घरापासून दोन गल्ल्यांवर होती. दुपारी मी एकटीच तिथवर चालत गेले. कुणी विचारलं असतं तर सुमनला आणायला आले, असं सांगितलं असतं.

वर्ग व्हरांड्याच्या टोकाला होता. सरांचा आवाज आधी ऐकू आला. मी ओळखला, पण पटला नाही.

"डेन्सिटी इज मास पर युनिट व्हॉल्यूम. फुलस्टॉप. नेक्स्ट लाइन."

तीस-पस्तीस टाक कागदावर करकरत होते. सर हातातल्या वहीतून मजकूर सांगत होते. तेच धोतर, तोच काळा कोट. खिसे सपाट. टेबलावर खडू आणि हजेरीपट. पान संपलं तेव्हा त्यांनी वर न बघता विचारलं, "एनी डिफिकल्टी?" आणि उत्तराची वाट न पाहता पान उलटलं. बाकावर सुमन होती. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला चांगलं माहीत होतं, कारण मिशनच्या शाळेत अकरा वर्षं तोच चेहरा घेऊन मी बसले होते.

ते "समजलं काय?" विचारतील म्हणून मी थांबले. तास संपत आला तरी त्यांनी ते विचारलं नाही.

मी दाराशी सरकले तशी हातातली बांगडी चौकटीवर वाजली. सरांनी पाहिलं. चष्मा वर केला.

"अवं, तुमी? अमरावतीच्या ना?" ते दाराशी आले. केस पिकले होते. "पास झाल्या म्हने. सुमन सांगत होती. कुठं निघाल्या?"

मी जबलपूर म्हटलं. शिकवायला जाते आहे, एवढं कळलं त्यांना. त्यांनी मान डोलावली.

"चांगलं आहे. पन एक सांगू का, बाई? नोट्स देत जा. इंग्रजीत. मी आता तेच करतो. मेथी-फेथी, संत्र-फिंत्र सारं बंद. आठ वर्षं बोललो तिथं, आनि शेवटी इचारलं त एका मानसालेबी समजलं नव्हतं. मंग माह्यंच चुकत असन ना?"

त्यात तक्रार नव्हती. मेथीच्या वजनाची नोंद सांगावी तसे ते सांगत होते. शनिवारच्या शनिवार टाकलेलं सगळं बी त्यांनी वाया गेलं म्हणून धरलं होतं. आणि ते वाया गेलेलं नव्हतं हे जगात फक्त मला ठाऊक होतं.

वर्गात टाक थांबले होते. मुलं आमच्याकडे पाहत होती. माझ्या मनात ते जुनं वाक्य अजून तयार होतं, इंग्रजीत, व्याकरण तपासलेलं. मी ते सोडून दिलं. मागाहून सुमन मला म्हणाली, ताई, तुझा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता.

"सर," मी म्हणाले, "मले समजलं होतं. तवाच."